लाभांशासाठी शेअर घेण्यापूर्वीची तयारी

निवृत्तीच्या पैशांतून लाभांश (कंपनी भागधारकांना वाटते ती रक्कम) देणारे शेअर घ्यायचे असतील, तर मोबाइलवर दिसणारा डिव्हिडंड यील्डचा टक्का, म्हणजे वर्षाचा लाभांश शेअरच्या भावाच्या किती टक्के आहे तो आकडा, सगळ्यात शेवटी बघा. त्याआधी एक वही घ्या आणि कंपनीने गेल्या दहा वर्षांत किती लाभांश दिला ते स्वतः लिहून काढा. माहिती बीएसई आणि एनएसई या शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळते. कंपनीचा वार्षिक अहवालही उतरवून ठेवा, तो पुढे लागणार आहे.

प्रत्येक वर्षापुढे अंतरिम (वर्ष चालू असताना दिलेला), अंतिम (वर्षाचा हिशेब झाल्यावरचा) आणि विशेष (नेहमीच्या वाटपाबाहेरचा) लाभांश असे वेगळे रकाने हवेतच. यात कंटाळा करू नका, कारण सगळा घोळ इथेच होतो. टीसीएस या आयटी कंपनीचं उदाहरण घ्या. २०२२-२३ मध्ये शेअरमागे ११५ रुपये, पुढच्या वर्षी ७३ आणि २०२४-२५ मध्ये १२६. नुसते हे आकडे पाहिले तर कंपनी डळमळतेय असं वाटेल. पण त्यात अनुक्रमे ६७, १८ आणि ६६ रुपये विशेष लाभांशाचे होते. ते बाजूला काढले की उरतात ४८, ५५ आणि ६०. घरखर्चाचा हिशेब या चढत्या आकड्यांवर बसवायचा. विशेष लाभांश आला तर आनंदाने घ्यायचा, पण तो दरवर्षी येईल असं धरायचं नाही. भाव ३,५०० रुपये मानला तर १२६ रुपयांवर यील्ड ३.६ टक्के दिसतो, ६० रुपयांवर जेमतेम १.७. वर्षाच्या खर्चाची तरतूद करणाऱ्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

वहीत बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर करणं) यांच्या तारखाही नोंदवा. टीसीएसने २०१८ मध्ये एकास एक बोनस दिला, म्हणजे प्रत्येक शेअरमागे आणखी एक शेअर. २०१७-१८ मधले ७ रुपयांचे अंतरिम लाभांश पुढच्या वर्षी ४ रुपयांवर आले, म्हणजे कपात झाली असं वाटतं. प्रत्यक्षात जुन्या ७ रुपयांचे बोनसनंतर साडेतीनच होतात, तेव्हा ती वाढ होती. बातमीत ‘२,०५० टक्के लाभांश’ असं वाचलंत तर तो टक्का दर्शनी किमतीवरचा, म्हणजे बाजारभावावरचा नव्हे तर शेअरच्या कागदोपत्री मूळ किमतीवरचा असतो. दर्शनी किंमत १ रुपया असेल तर हातात २० रुपये ५० पैसेच येतात.

आता वार्षिक अहवाल उघडा आणि वाटलेली रक्कम नफ्याशेजारी मांडा. खाण आणि धातू उद्योगातल्या वेदांताने २०२२-२३ मध्ये शेअरमागे तब्बल १०१ रुपये ५० पैसे दिले, आणि मार्च २०२३ अखेर भाव होता तीनशेच्या खाली. यील्ड तीस टक्क्यांच्या वर! पण त्या वर्षी भागधारकांच्या वाट्याचा एकत्रित (उपकंपन्या धरून) नफा साधारण साडेदहा हजार कोटी होता आणि वाटप ३७ हजार कोटींहून अधिक. लंडनमधल्या मूळ कंपनीवर कर्जाचा मोठा भार होता आणि तिला रोकड हवी होती. पुढच्या वर्षी लाभांश २९ रुपये ५० पैशांवर आला. जो टक्का पाहून लोकांनी शेअर घेतला, तो त्यांना मिळालाच नाही. म्हणून यील्ड डोळ्यांत भरण्याइतका मोठा दिसला की आधी दोन प्रश्न विचारा: भाव का पडलाय, आणि हे पैसे नफ्यातून आलेत की साठवणीतून?

तारखांचं सोपं आहे. लाभांश कोणाला द्यायचा हे ज्या दिवशीच्या नोंदीवरून ठरतं, त्या रेकॉर्ड डेटच्या निदान एक कामकाजाचा दिवस आधी खरेदी झालेली हवी. मात्र तेवढ्यासाठी घाई करू नका, एक्स-डेटला (ज्या दिवसापासून नव्या खरेदीवर तो लाभांश मिळत नाही) भाव साधारण लाभांशाइतकाच उतरतो.

कर विसरू नका. एप्रिल २०२० पासून लाभांश तुमच्या उत्पन्नात धरला जातो आणि तुमच्या स्लॅबप्रमाणे त्यावर कर लागतो. एप्रिल २०२५ पासून एका कंपनीकडून आर्थिक वर्षात १०,००० रुपयांपेक्षा जास्त मिळाले तर १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला जातो. पॅन जोडलेला नसेल तर २० टक्के. तीस टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाने वहीतल्या यील्डमधून आधीच तीस टक्के वजा करून ठेवावेत.

शेवटी डीमॅटला (शेअर ठेवण्याच्या खात्याला) जोडलेलं बँक खातं चालू आहे ना, नॉमिनी नोंदवलाय ना, हे तपासा. घरातल्या थोरांकडे जुनी कागदी प्रमाणपत्रं असतील तर तीही बाहेर काढा. सात वर्षं न उचललेला लाभांश सरकारच्या आयईपीएफ (गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण) निधीत जातो, सलग सात वर्षं तसंच राहिलं तर शेअरही जातात. ते परत मिळवता येतात, पण त्यासाठी आयईपीएफ-५ अर्ज आणि कागदपत्रांची बरीच जुळवाजुळव करावी लागते.