हिवाळ्यात खिडकीतली तिखट मिरची

कुंडी ८ ते १० इंची, तळाला भोक असलेलीच घ्या. थंडीत मिरची मरते ती बहुधा जास्त पाण्याने. गार, ओल्या मातीत मुळे कुजतात. म्हणून बोट दोन पेरे आत खुपसून पाहा. माती कोरडी लागली तरच पाणी द्या, तेही कोमट. ऊन ६ तासांपेक्षा कमी असेल तर शेंड्यापासून वीतभर उंचीवर एलईडी दिवा १२ ते १४ तास लावा. रात्री पाने गार काचेला टेकू देऊ नका. तापमान १५ अंशांखाली गेले की फुले गळू लागतात. घरात ना वारा ना मधमाश्या, तेव्हा उमललेल्या फुलाला रोज हलकी टिचकी मारा, परागकण झडून फळ धरते. पानांखाली मावा (रस शोषणारे बारीक किडे) दिसताच पाण्याच्या धारेने धुवा.