घराण्याचा किंवा गावाचा इतिहास लिहिताय? बायकांची नावं गळतात ती या चुकांमुळे, त्या टाळा

सध्या बऱ्याच घरांत वंशावळ लिहायचं काम चालू आहे. कुणी जुन्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढतंय, कुठे शाळेच्या शताब्दीची स्मरणिका निघतेय, कुठे गावाच्या इतिहासाचं पुस्तक, आणि कुणबी नोंदी शोधायच्या निमित्तानं तर कितीतरी जणांनी पहिल्यांदाच कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) आणि मोडीतले जुने कागद हातात घेतले. हे फार चांगलं होतंय. पण यातलं बहुतेक कुठलंही पुस्तक उघडा, पणजोबांचे आजोबा सापडतात, त्यांनी कुठलं देऊळ बांधलं, कुठल्या लढाईत होते ते सापडतं, आणि पणजीचं नुसतं नावसुद्धा सापडत नाही.

आणि यावर उत्तर काय मिळतं, तर "अहो नोंदच नाही ना". माझं म्हणणं असं की नोंद बऱ्याचदा असते. बाई गळते ती लिहिणाऱ्याच्या टेबलावर, आणि कुठल्या पायरीवर गळते हे कळलं तर ते थांबवता येतं. म्हणून नेहमी होणाऱ्या चुका इथे लिहितोय.

तक्ता बनवतानाच चूक होते

वंशावळीचा तक्ता आपण बाप-मुलगा-नातू असा काढतो आणि मग बायकांसाठी जागा शोधत बसतो. ती उरतच नाही. मग लिहिलं जातं "मुलगे 2 (नावं), कन्या 3". कन्या 3 म्हणजे काय? त्या तिघींची नावं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पाठ असतात, त्या कुठल्या गावी दिल्या तेही माहीत असतं, फक्त तक्त्यात रकाना नाही म्हणून कुणी विचारत नाही.

सुरुवातीलाच एक्सेलमध्ये प्रत्येक बाईसाठी हे रकाने करा: माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं गाव आणि आडनाव, आणि तिनं काय काम केलं. रकाना रिकामा राहिला तरी राहू दे, काढून टाकू नका. रिकामा रकाना दिसला की पुढचा कुणीतरी तो भरायला जातो, रकानाच नसेल तर काहीतरी राहिलंय हेसुद्धा कुणाला कळत नाही.

एकच बाई कागदावर दोन-तीन बायका होऊन बसते

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवीन नाव लिहिलं की माहेरचं नाव कागदावरून संपतं. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. आनंदीबाई जोशीसुद्धा माहेरच्या यमुनाच. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. आणि बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर, विभावरी शिरूरकर या तीन लेखिका नाहीत, एकच आहे, पहिलं माहेरचं नाव, दुसरं सासरचं आणि तिसरं टोपणनाव. या तर नावाजलेल्या बायका, त्यांच्याबद्दल कुणीतरी जुळवून ठेवलंय. तुमच्या गावातली शाळा मास्तरीण लग्नाआधी एका नावानं रजिस्टरला असते, नंतर दुसऱ्या, आणि स्मरणिका काढणारा दोन वेगवेगळ्या बाई समजून दोघींना अर्धी अर्धी वर्षं देऊन मोकळा होतो. तारखा जुळवा, गाव जुळवा, आणि दोन्ही नावं एकत्र छापा, "लग्नाआधीच्या अमुक" असं सरळ लिहा, त्यात अवघड काही नाही.

"नावच मिळत नाही, काय करू?"

इथे जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त लोक इथेच हात टेकतात.

सातबारा बघून थांबू नका. सातबाऱ्यावर बहुतेक वेळा पुरुष असतो. खरा माल फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदीत आहे. कुणी वारला की वारस नोंद होते, गाव नमुना 6 म्हणजे फेरफार नोंदवही आणि 6-क म्हणजे वारसांची नोंदवही, आणि 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मयताची विधवा, मुली सगळ्या वारस म्हणून त्यात यायला लागल्या. त्यामुळे आजोबांचे वडील साठच्या दशकात वारले असतील तर तो फेरफार काढा, त्यात आजोबांच्या बहिणींची नावं, सासरच्या आडनावासकट आणि कधी गावासकट मिळू शकतात. आपले अभिलेख या सरकारी साईटवर बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार स्कॅन करून ठेवलेत, नाही मिळाले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करायचा.

आणि हक्कसोड पत्र. हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. बहिणींनी भावांच्या नावे जमिनीवरचा हक्क सोडला की तो कागद रजिस्टर होतो, त्यात प्रत्येक बहिणीचं पूर्ण नाव, वय, राहणार कुठे, सही नाहीतर डाव्या हाताचा अंगठा. मला हा कागद बघवत नाही खरं तर, कारण त्या घरातल्या बाईचं नाव इतकं नीट, पूर्ण, वयासकट कुठे लिहिलेलं मिळतं तर ती हक्क सोडतेय त्या कागदावर. पण मिळतं. ते घ्या, आणि पुस्तकात लिहितानाही नुसतं नाव उचलू नका, या बहिणींनी अमुक सालात जमिनीवरचा हक्क सोडला हेही लिहा, घराण्याची जमीन एकत्र राहिली त्यात त्यांचा वाटा आहे.

बाकी जागा पटापट सांगतो. शाळेचं जनरल रजिस्टर, मुलीचं माहेरचं नाव आणि जन्मतारीख तिथे. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, तिथे यात्रेला आलेल्या घरातल्या बायकांचीही नावं लिहिलेली सापडतात. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला, बंधाऱ्याच्या कामाला घरोघरच्या बाया गेल्या होत्या, त्यांची हजेरीपटावर नावं होती, तो हजेरीपट कुठे जपलेला असेल तर सोडू नका. लग्नपत्रिका, भांड्यांवर घातलेली नावं (आजीच्या पितळी डब्यावर नाव आणि साल दोन्ही असतं बघा), जुन्या पत्रांची पाकिटं.

कोतवाल बुकात जन्माची नोंद बघताना एक लक्षात ठेवा, बऱ्याच ठिकाणी बाळाचं नाव नसतं, बापाचं नाव आणि पुढे "मुलगी" एवढंच. ती नोंद निरुपयोगी समजून सोडू नका, तारखेवरून आणि बहिणींच्या क्रमावरून ती कोण हे बहुतेक लावता येतं.

"मोलाची साथ दिली" लिहून विषय संपवणं

ही चूक शिकलेली, चांगली लिहिणारी माणसं करतात. "पत्नीची खंबीर साथ लाभली" या एका वाक्यात चाळीस वर्षांचं काम बुडतं. सावित्रीबाईंचंच बघा ना. नुसती जोतिरावांची साथ म्हणून त्यांना लिहिलं तर गोष्ट 1890 ला थांबते, कारण 28 नोव्हेंबर 1890 ला जोतिराव गेले. पण सावित्रीबाई त्यानंतर सहा वर्षांहून जास्त जगल्या, सत्यशोधक समाजाचं काम पुढे नेलं, 1893 मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्ष झाल्या, आणि 1897 च्या प्लेगात आजारी माणसं स्वतः उचलून दवाखान्यात नेता नेता त्यांनाच लागण झाली, 10 मार्चला गेल्या. "काव्यफुले" हा संग्रह तर 1854 चा. ही कुणाची साथ नाही, हे त्यांचं स्वतःचं काम आहे. तपासायचं साधं आहे: नवरा गेल्यानंतर त्या बाईनं काय केलं, हा प्रश्न प्रत्येक नोंदीला विचारा.

बायकोसारखंच लेकीचंही होतं. हौसाबाई पाटील आयुष्यभर "क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक" म्हणून ओळखल्या गेल्या. चाळीसच्या दशकात पत्री सरकारच्या (इंग्रजांविरुद्धच्या साताऱ्याकडच्या भूमिगत सरकारच्या) तुफान सेनेबरोबर, म्हणजे त्याच्या सशस्त्र दलाबरोबर त्यांनी काम केलं. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर नवरा बायकोला मारतोय असं सोंग केलं, हौसाबाई रस्त्यावर पडून ओरडतायत, नवरा झालेला साथीदार हातात दगड घेऊन आता जीवच घेतो म्हणतोय, पोलीस सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात बाकीच्यांनी आतली हत्यारं पळवली. सोंग खरं वाटावं म्हणून मार मात्र खराच खाल्ला त्यांनी. आता गावातल्या लढ्याचं कुठलंही प्रकरण लिहिताना "हत्यारं पळवली" एवढं वाक्य येतं, पळवणाऱ्यांची नावं येतात, आणि पोलिसांना बाहेर काढलं कुणी हे कुणी विचारत नाही. तुमच्या गावात 42 ची चळवळ झाली असेल तर विचारा: भूमिगतांना जेवण कुणी पोचवलं, चिठ्ठ्या कुणी नेल्या, घराची झडती आली तेव्हा दारात कोण उभं होतं.

मुंबईच्या गिरणगावाचं लिहिताना पण हेच होतं. संपाचे पुढारी, युनियन, तारखा सगळं येतं. पण बिनपगाराचे दिवस कामगारांनी कशावर काढले? खानावळवाल्या बायकांनी उधारीवर जेवू घातलं, त्यासाठी स्वतःचे दागिने गहाण टाकले. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते या सावकारी कर्जातून सुटका व्हावी म्हणूनच. संपाच्या हिशेबात ही उधारी धरली नाही तर हिशेब अर्धाच आहे.

"पहिली महिला" शोधत बसणं

पहिली डॉक्टर, पहिली शिक्षिका, पहिली सरपंच. पहिली सापडली की आपल्याला वाटतं काम झालं, मग दुसरी, तिसरी, दहावी कुणी बघत नाही. आनंदीबाई जोशी 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियात डॉक्टर झाल्या, फेब्रुवारी 1887 मध्ये गेल्या, वय एकवीस, प्रॅक्टिस करायला मिळालीच नाही, त्यांचं मोठेपण आहेच. पण रखमाबाईंचं काय? त्यांनी नांदायला यावं म्हणून नवऱ्यानं केलेला खटला आणि "तुरुंगात जाईन पण नांदायला जाणार नाही" एवढंच लोकांना आठवतं, 1888 ला पैसे देऊन तो मिटला की रखमाबाईही संपल्या. खरं तर सुरुवात तिथून आहे, लंडनला जाऊन 1894 मध्ये डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत, राजकोटला तीसेक वर्षं बायकांचे दवाखाने चालवले. किती बाळंतपणं, किती जीव. त्यावर मराठीत आपण किती लिहिलंय बघा.

गावाच्या पुस्तकात पहिल्या महिला सरपंचाचा फोटो टाकलात ना, मग त्याच गावात तीस वर्षं सुईणपण करणाऱ्या बाईलाही पान द्या. निम्मा गाव तिच्या हातावर जन्मलेला असतो.

"लिहिलेलं असेल तरच खरं" हा हट्ट

बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. मुलानं, सोपानदेवांनी ऐकून उतरवून ठेवलं म्हणून त्या गेल्यावर 1952 मध्ये पुस्तक झालं. ज्यांच्या मुलांनी उतरवलं नाही त्यांचं? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या तेव्हा हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या निघाल्या. त्यात सासुरवास आहे, दुष्काळ आहे, पंढरी आहे, बाबासाहेब आहेत. शेतावरची मजुरी, सावकार, मूल गमावणं, हे गावाच्या दप्तरात नसतं आणि ओवीत असतं. ओवीला पुरावा म्हणून वापरा, गायिकेचं नाव आणि गाव खाली लिहा, "पारंपरिक" असं लिहून तिचं नाव खाऊ नका.

आणि लिहून छापून ठेवलं तरी हमी नाही हो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी "स्त्रीपुरुष तुलना" 1882 मध्ये छापलं. त्यांच्यावर टीका झाली, जोतिरावांनी बाजू घेतली, आणि नंतर ते पुस्तक जवळजवळ दिसेनासंच झालं, स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये पुन्हा प्रसिद्ध केलं तेव्हा लोकांना कळलं असं काही होतं. म्हणून जुन्या मासिकांच्या फाईली, स्थानिक ग्रंथालयातली बांधणी सुटलेली पुस्तकं चाळल्याशिवाय "त्या काळी बायका लिहीतच नव्हत्या" असं वाक्य लिहू नका.

फक्त शिकलेल्या, वरच्या जातीतल्या बायका घेणं

सोपं पडतं म्हणून हे होतं, त्यांची आत्मचरित्रं आहेत, पत्रं आहेत. पण मुक्ता साळवे या शाळकरी मुलीनं मांग महारांच्या दुःखावर निबंध लिहिला तो 1855 मध्ये ज्ञानोदय या नियतकालिकात छापलाय. 20 जुलै 1942 ला नागपूरला दलित महिलांची परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष, पंचवीस हजारांच्या आसपास बायका जमल्या होत्या, मोठ्या परिषदेच्या कोपऱ्यातला हा काही छोटा कार्यक्रम नव्हता. तरी आंबेडकरी चळवळीतल्या या बायकांच्या मुलाखती एकत्र होऊन मराठीत पुस्तक यायला 1989 उजाडावं लागलं, तेही उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून आठवणी गोळा केल्या म्हणून. तुमच्या जिल्ह्यातून कोण गेलं होतं त्या परिषदेला? त्यांच्या मुली, सुना आता सत्तर-ऐंशीच्या आहेत. हे काम पुढच्या वर्षीवर टाकण्यासारखं नाही.

मुलाखत घेताना

"आजी, तुम्ही काय काम केलं?" असा प्रश्न विचारू नका, उत्तर येणार "मी काय केलं, काही नाही, घरच बघितलं". असं विचारा: पहाटे उठून आधी काय करायचात, पाणी कुठल्या विहिरीचं, किती खेपा, पेरणीला कोण कोण जायचं, बी कोण राखायचं, मोर्चा आला त्या दिवशी भाकरी किती केल्या, पीठ कुणाचं. मग बघा बोलायला लागतात. आणि शक्यतो एकट्या असताना बोला, शेजारी आजोबा किंवा मोठा मुलगा बसला की उत्तर तोच देतो आणि रेकॉर्डिंगमध्ये तुम्हाला आजींचं फक्त "हो" ऐकू येतं. परवानगी घ्या, तारीख आणि जागा रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला बोलून ठेवा.

फोटो असतील तर त्याच बसकीत दाखवा. स्मरणिकेत "डावीकडून" म्हणून सगळ्या पुरुषांची नावं आणि शेवटी "व इतर महिला" असं असतं, त्या इतर महिला कोण हे सांगू शकणारी ही शेवटची पिढी आहे. फोटोच्या झेरॉक्सवर प्रत्येकीच्या डोक्यावर आकडा टाकून खाली नाव लिहून घ्या.

उलट्या बाजूची चूक

उत्साहात काहीही चिकटवणं. नाव मिळालं, पण फोटो नाही, म्हणून व्हॉट्सॅपवर आलेला दुसऱ्याच कुणाचा तरी फोटो. जन्मतारीख नाही म्हणून अंदाजे टाकली, मग ती दहा ठिकाणी कॉपी झाली आणि त्या दिवशी लोक अभिवादन करायला लागले. नंतर कुणी एकानं ते खोटं आहे म्हणून दाखवलं की त्या बाईचं खरं कामही संशयात जातं. जे कागदावर आहे ते कागदाचा पत्ता देऊन लिहा, जे ऐकलंय ते कुणाकडून ऐकलं ते लिहा, बाकी जागा कोरी.

पुस्तक आधीच छापून झालं असेल तर?

चार पानांची पुरवणी काढा. कन्या 3 वाल्या नोंदी आधी घ्या, त्या घरांत फोन करा, आत्यांना विचारा. आत्यांना सगळं माहीत असतं, माहेरचंही आणि सासरचंही. पुरवणीची पीडीएफ घराण्याच्या ग्रुपवर टाका, छापील प्रतीत चिकटवायला सांगा, आणि गावच्या ग्रंथालयात जी प्रत आहे तिच्यात स्वतः जाऊन चिकटवा.