माझ्या एमजीबीचा अडकलेला पिस्टन

इंग्लंडमध्ये घराच्या गॅरेजमध्ये माझी 1967 सालची एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार उभी असते. अ‍ॅबिंग्डनला बनलेली, 1798 सीसीची. गेल्या हिवाळ्यानंतर ॲक्सिलरेटर दाबला की ती क्षणभर गुदमरायची, मग झटका देऊन पळायची. ठिणगीचे प्लग आणि पॉइंट ठीक होते, म्हणून हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या एसयू कार्ब्युरेटरच्या जोडीकडे वळलो.

एअर फिल्टर काढून दोन्ही कार्ब्युरेटरमधले, हवेची वाट कमी-जास्त करणारे पिस्टन बोटाने वर उचलून सोडले. पुढचा ‘टक्’ करून खाली बसला. मागचा मध्येच अडकला. दोष सापडला!

वरची घुमटी काढण्याआधी तिच्यावर आणि बॉडीवर खूण केली. घुमटी आणि पिस्टन एकमेकांना जुळवून बनवलेले असतात, त्यामुळे दोन्ही कार्ब्युरेटरचे भाग चुकूनही मिसळू देऊ नका. आतल्या भिंतीवर तपकिरी चिकट थर होता. तो पेट्रोलमध्ये भिजवलेल्या मऊ कापडाने पुसला. पॉलिश पेपर अजिबात नको, तिथली फट फारच बारीक असते. पिस्टनखालची, पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी सुई वाकू नये म्हणून पिस्टन बरणीच्या तोंडावर उभा ठेवला. भिंतीला तेल लावलं नाही, फक्त पिस्टनच्या दांड्याला एक थेंब.

जोडून झाल्यावर डॅशपॉटमध्ये, म्हणजे पिस्टनची उडी मंद करणाऱ्या तेलाच्या जागेत, 20 ग्रेडचं तेल घातलं, पोकळ दांड्याच्या वर साधारण 13 मिलिमीटर. ते कमी असेल तर पिस्टन झटकन वर उडतो, मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि गाडी तशीच गुदमरते. आता दर महिन्याला ते तपासतो.

शेवटी रबरी नळी कानाला लावून दोन्ही कार्ब्युरेटरचा हवा ओढण्याचा फुसफुस आवाज सारखा केला. परवा चढावर तिने एकदाही श्वास अडवला नाही.