युरिपिडीसचं चरित्र वाचायचंय? आधी तारखा मांडा

युरिपिडीस या प्राचीन ग्रीक नाटककाराबद्दल शोधायला बसलं की पहिल्यांदा हेच सापडतं, आई भाजी विकायची, हा माणूसघाणा होता, सालामिस बेटावरच्या गुहेत बसून लिहायचा आणि शेवटी कुत्र्यांनी फाडून खाल्लं. हे सगळं आधी बाजूला ठेवा, फेकून देऊ नका, नंतर लागणारे.

पहिल्यांदा फक्त स्पर्धेच्या नोंदी उतरवून घ्या. अथेन्समध्ये डायोनिसस देवाच्या उत्सवात दरवर्षी ट्रॅजेडीची स्पर्धा व्हायची, तीन नाटककार, प्रत्येकाच्या तीन ट्रॅजेडी आणि एक सॅटर नाटक (ट्रॅजेडीनंतरचं हलकंफुलकं, थट्टेचं नाटक), आणि निकालाची रीतसर नोंद राहायची, म्हणून या तारखा बऱ्यापैकी पक्क्या आहेत. इ.स.पू. 455 मध्ये तो पहिल्यांदा उतरला, पहिला नंबर थेट 441 मध्ये! त्याचं मेडिआ नाटक 431 ला, तीन नाटककारांत तिसरा. हिप्पोलिटस नाटक 428 ला, पहिला. 406 मध्ये तो मॅसेडोनियात वारला, त्यानंतर त्याचं बॅकाई नाटक रंगमंचावर आलं आणि जिंकलं. नव्वदेक नाटकं लिहिली आणि हयातीत जिंकला फक्त चारदा, हे वाचून मला आजही वाईट वाटतं.

आता प्रत्येक तारखेशेजारी त्या वर्षी अथेन्समध्ये काय चाललं होतं ते लिहा, खरी मजा इथे आहे. मेडिआ आलं त्याच वर्षी स्पार्टाशी युद्ध पेटलं. 416 मध्ये अथेन्सने मेलोस बेट घेतलं, पुरुष मारले, बायकापोरं गुलाम म्हणून विकली, आणि 415 च्या वसंतात त्याच शहरासमोर याने ट्रोजन वूमेन उभं केलं, जिंकलेल्यांनी वाटून घेतलेल्या बायकांचं नाटक. ते मेलोसवरच लिहिलंय असं ठामपणे म्हणू नका, तयारीला वेळ फार कमी होता, पण बघणाऱ्यांना मेलोस आठवलंच नसेल असं मला तरी पटत नाही.

मग त्या बाजूला ठेवलेल्या गोष्टींकडे या. प्रत्येकीला एकच विचारा, हे पहिल्यांदा बोललं कोण? भाजीवाली आई हा त्याच काळातला विनोदी नाटककार अरिस्टोफेनीसच्या कॉमेडीतला टोमणा आहे, नंतरच्या चरित्रकारांनी तो माहिती म्हणून उचलला. पर्शियनांविरुद्धच्या सालामिसच्या लढाईत ट्रॅजेडीकार एस्किलस लढला, विजयाच्या नाचात दुसरा ट्रॅजेडीकार सोफोक्लीस नाचला आणि त्याच दिवशी युरिपिडीस जन्मला, हे इतकं जुळून आलेलं आहे की त्यातून जन्मसाल 480 च्या आसपास एवढंच घ्यावं. कुत्र्यांचं मरण तर बॅकाईमधल्या पेन्थिअस राजावरून घेतल्यासारखं वाटतं, त्यालाही फाडूनच मारतात. शिवाय त्याच्या मरणानंतर लगेच, 405 मध्ये आलेल्या अरिस्टोफेनीसच्या फ्रॉग्जमध्ये हा स्वतः पात्र आहे आणि तिथे कुत्र्यांचा उल्लेखही नाही, असा मसाला अरिस्टोफेनीस सोडेल का?

आणि पात्राचं वाक्य लेखकाच्या तोंडी घालू नका. हिप्पोलिटस नाटकातला नायक हिप्पोलिटस बायकांना शिव्या घालतो म्हणून युरिपिडीस स्त्रीद्वेष्टा ठरवतात, पण एक बाळंतपण सोसण्यापेक्षा तीनदा ढाल घेऊन लढायला उभी राहीन असं म्हणणारी मेडिआही त्याचीच ना.

एवढं झालं की मेडिआ, ट्रोजन वूमेन आणि बॅकाई याच क्रमाने वाचा, तारखांचा कागद शेजारी ठेवून.