घरी आल्यावरच्या पावत्या टाकू नका

मोठं ऑपरेशन होऊन पेशंट घरी आला की सगळं लक्ष टाक्यांकडं नि पथ्याकडं जातं. मेडिकलच्या पावत्या पिशवीतच चुरगळतात. बऱ्याच मेडिक्लेम पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या 60 दिवसांचा औषधं-तपासण्यांचा खर्चही मिळतो. पण प्रत्येक पावतीवर पेशंटचं नाव हवं, सोबत डॉक्टरांची चिठ्ठीही. आईच्या वेळी आमच्या तीन पावत्यांवर नावच नव्हतं, ते पैसे बुडाले. पॉलिसी नसेल तर ऑपरेशन ठरतानाच रेशनकार्ड-आधार घेऊन कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (सरकारी आरोग्य योजनेसाठी मदत करणारा माणूस) भेटा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. आणि हो, भेटायला येणाऱ्या पै-पाहुण्यांना टाके निघेपर्यंत फोनवरच थांबवा. तांबडा रस्साही डॉक्टर हो म्हणाल्यावरच.