स्वीडनच्या रणगाड्यावर डभोईची धूळ नको

माझा पहिला एस-टँक, म्हणजे स्वीडनच्या रणगाड्याचं प्लॅस्टिकचं छोटं मॉडेल, पूर्ण झाला तेव्हा मी तो मोठ्या कौतुकाने डब्यात घालून मित्राकडे दाखवायला नेला, त्याने दोन मिनिटं सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला आणि विचारलं, "आ टेंक डभोईथी आवी के शुं?" राग आला, पण त्याचं बरोबर होतं. खालच्या अर्ध्या भागावर पिवळट धूळ, प्रत्येक बोल्टखाली केशरी गंज ओघळलेला, ट्रॅक तर भंगारातून उचलल्यासारखे. मी बडोद्यातला माणूस (डभोई इथून जवळच), रोज मकरपुरा जीआयडीसीत जातो, एप्रिल-मेची धूळ आणि पावसाळ्यात गंजणारे पत्रे बघत आलोय, त्यामुळे हात आपोआप तेच रंगवतो. लिहायला बसलो ते म्हणूनच, नॉर्डिक, म्हणजे स्वीडन-फिनलंडच्या, गाड्या वेदर करताना, म्हणजे मॉडेलवर धूळ-चिखल-गंज रंगवताना, खिडकीबाहेर बघायचं नाही.

तिकडे काय असतं बघा. स्प्रूस आणि पाइनची जंगलं, खाली ग्रॅनाइट, जंगलातले रस्ते राखाडी खडीचे, आणि दलदलीतला चिखल जवळजवळ काळा, कुजलेल्या पाल्याचा. वर्षातले कितीतरी महिने सगळं ओलं नाहीतर बर्फात. दुसरी गोष्ट लोक विसरतात ती म्हणजे स्वीडन १८१४ नंतर युद्धात उतरलेलाच नाही. म्हणजे त्यांच्या शीतयुद्धातल्या गाड्या सरावाला गेल्या, चिखलात लोळल्या, परत आल्या, धुतल्या आणि शेडमध्ये लागल्या. दहा वर्षांचा गंज त्यांच्यावर नसतो, आज सकाळचा चिखल असतो. एवढं डोक्यात पक्कं बसलं की निम्मं वेदरिंग सुधारतं.

किटचं थोडक्यात सांगतो. १/३५ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्यात, एस-टँक म्हणजे स्ट्रिड्सवॅग्न १०३ ट्रंपेटर कंपनीचा मिळतो, सीव्ही ९० ही स्वीडिश चिलखती गाडी अॅकॅडमीची आहे, दोन डब्यांची बीव्ही २०६ टाकॉमची. पहिलंच मॉडेल असेल तर यातलं काहीच घेऊ नका, टामियाचं फिनिश स्टुग-३ (फिरता बुरूज नसलेली जर्मन तोफगाडी) घ्या, भाग एकमेकांत असे बसतात की फटी भरायचा फिलर काढावाच लागत नाही. दुकानात बडोद्यात हे काही मिळत नाही, मागवावंच लागतं, आणि डबा आला की आधी उघडून सगळे स्प्रू (भाग जोडलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटी) मोजा, मी एकदा तीन महिन्यांनी डबा उघडला तेव्हा कळलं की एक अख्खा स्प्रू आलेलाच नव्हता, आणि तोवर परत करायची मुदत गेलेली.

आता एस-टँक. याला टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूजच नाही. १०५ मिलिमीटरची तोफ बॉडीत घट्ट बसवलेली आणि नेम धरायला अख्खा रणगाडा हलतो, डावी-उजवीकडे ट्रॅकवर वळून, वर-खाली हायड्रोन्यूमॅटिक, म्हणजे तेल आणि वायूच्या दाबावरच्या, सस्पेन्शनने. स्वेन बर्गे नावाच्या माणसाची ही कल्पना, १९६७ ते १९९७ सेवेत होता. माणसं तीनच, आणि तिसरा मागे तोंड करून बसायचा, त्याच्याकडे पण चालवायची सोय, म्हणजे गोळी घालून उलट्या पावली त्याच वेगात पळता येतं. हे सगळं सांगायचं कारण असं की पोझ तुम्हाला चाकं चिकटवायच्या आधी ठरवावी लागते. सरळ उभा केला तर तो फक्त एक चपटा पाट दिसतो. नाक खाली घातलं की शिंगं रोखून उभ्या राहिलेल्या बैलासारखा दिसतो, मला तोच आवडतो.

त्यासाठी चाक धरणाऱ्या सस्पेन्शन आर्मची ठरलेल्या जागी बसवणारी खुंटी ब्लेडने उडवायची, बॉडीच्या मागच्या भागाखाली पुठ्ठ्याची पाचर लावून हवा तेवढा कोन करायचा, आणि आर्म सुकायच्या आत चाकं तात्पुरती अडकवून आठही चाकं काचेला टेकतात का बघायचं. काचच घ्या, लाकडी टेबल सपाट नसतं. डाव्या बाजूला एक पाचर आणि उजवीकडे अंदाजाने, असं केलंत तर रणगाडा लंगडा होतो आणि ते ट्रॅक लावल्यावरच लक्षात येतं.

नाकासमोरची लोखंडी गजांची जाळी लावायची का? ती स्फोटाच्या झोताने आर्मर भेदणाऱ्या गोळ्यांपासून बचावाला होती, पण शांततेच्या काळात बरीच वर्षं ती गुपित होती, सरावात लावत नसत. म्हणून सत्तरच्या दशकातल्या सरावाचा देखावा करणार असाल तर जाळी डब्यातच राहू द्या. नंतरच्या सी मॉडेलला दोन्ही बाजूंना जेरीकॅनच्या रांगा आहेत, तिथे वेदरिंगला मजा येते कारण कॅन खरोखर हाताळले जातात.

रंगाकडे येऊ. जुन्या स्वीडिश गाड्या सरळ हिरव्या, पण नंतरच्या स्प्लिंटर कॅमोत आहेत, फिकट हिरवा, गडद हिरवा, काळा आणि बेज, कडा फुटलेल्या काचेसारख्या सरळ आणि टोकदार. हे एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनने) मोकळ्या हाताने होत नाही, टेपच पाहिजे. आधी बेज, मग फिकट हिरवा, मग गडद हिरवा, काळा सगळ्यात शेवटी. टेप रोलवरून काढून थेट लावायची नाही, तिच्या कडेला धूळ आणि केस चिकटलेले असतात, काचेवर चिकटवा, नवीन ब्लेडने पट्टी कापा आणि ती ताजी कड वापरा. टूथपिकने कड दाबून बसवा, विशेषतः हॅचच्या, म्हणजे आत उतरायच्या झाकणाच्या, बिजागरीशी आणि वेल्डच्या उंचवट्यावर. मग पुढचा रंग मारायच्या आधी खालचाच रंग एकदा टेपच्या कडेवर हलका मारायचा, म्हणजे जे काही आत झिरपणार ते आधीच्याच रंगाचं झिरपतं आणि दिसत नाही. ही एक गोष्ट मला चार वर्षं कोणी सांगितली नव्हती यार! टेप काढताना सरळ वर ओढू नका, तिच्याच पाठीवर दुमडून हळूहळू मागे न्या.

बडोद्यात हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. जुलै-ऑगस्टला हवेत इतकी ओल असते की मॅट व्हार्निश सुकताना दुधाळ होतं, लॅकरवर पांढरी साय येते, आणि कॉम्प्रेसरच्या पाइपातून पाण्याचे थेंब थेट रंगात, पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप नसेल तर विचारूच नका. थंडीत गच्चीवर छान होतं काम, फक्त १४ जानेवारीला नको. मी उत्तरायणला सकाळी गच्चीच्या कोपऱ्यात व्हार्निश मारून मॉडेल सुकत ठेवलं, म्हटलं सगळे वर बघतायत, इथे कोण येतंय, आणि पाच मिनिटांत एक कापलेला पतंग मांज्यासकट अलगद त्याच्यावरच. काळ्या पट्ट्यावरची ती रेघ अजून तशीच आहे.

व्हार्निशचा क्रम लक्षात ठेवा, आधी ग्लॉस, मग डिकल (पाण्याने चिकटवायची चिन्हं), मग वॉश (सांध्यात उतरणारा पातळ गडद रंग), मग मॅट. वॉशसाठी महागडी बाटली लागत नाही, कॅमलचे ऑइल कलर घ्या, बर्न्ट अंबर आणि थोडा काळा, पुठ्ठ्यावर पिळून तासभर ठेवा म्हणजे जवसाचं तेल पुठ्ठा पिऊन घेतो, मग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून बारीक ब्रशने फक्त सांध्यात आणि बोल्टच्या मुळाशी. अख्ख्या गाडीला माखू नका, आणि व्हार्निश नसलेल्या प्लॅस्टिकवर टर्पेंटाइनचं तळं साचू देऊ नका, चिकटवलेले सांधे तडकतात.

गंजाबद्दल मी आता कंजूस झालोय. एक्झॉस्टवर थोडा, स्टीलच्या ट्रॅकवर तपकिरी फिल्म, बस. हॅचच्या कडेला आणि जिथे बूट ठेवून माणसं चढतात तिथे रंग घासलेला दाखवायला साधी ६बी पेन्सिल पुरते. आणि बीव्ही २०६ चे ट्रॅक रबराचे असतात हो, त्यांना गंज चढवलेली मॉडेलं मी डोळ्यांनी पाहिलीत, खूप मेहनतीने केलेली. बीव्ही २०६ ही बर्फात आणि दलदलीत न रुतता जायला बनवलेली गाडी, दोन डबे मधल्या सांध्याने जोडलेले. तिचीच मोठी बहीण बीव्हीएस १० 'सिंधू' नावाने आपल्या आर्मीसाठी हजीऱ्याला एल अँड टीकडे बनणार आहे, म्हणजे आपल्याला ती उद्या लडाखच्या रंगात पण करता येईल.

चिखल. खाली आधी प्लॅस्टर ऑफ पॅरिस, काळपट तपकिरी पिगमेंट (रंगाची कोरडी पूड), थोडं राखाडी आणि अॅक्रिलिक मीडियम, हे कालवून जुन्या ब्रशने चाकांच्या मागे आणि बॉडीच्या पोटाखाली थापायचं, सुकलं की दुसरा थर आणखी काळा आणि कमी जागेत, शेवटी फक्त काही ठिकाणी ग्लॉस, म्हणजे ते ओलं दिसतं. तीन थर, वाळलेला, ओलसर, आणि आत्ताचा. पाइनच्या सुया म्हणून नारळाच्या काथ्याचे मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे तुकडे, पडलेली पानं म्हणून तुळशीच्या सुकलेल्या मंजिरीची टरफलं चालून जातात. तुळस आईची आहे, तेव्हा खाली पडलेलीच घेतो. कडक उन्हात दोन दिवस वाळवूनच वापरा, नाहीतर पावसाळ्यात मॉडेलवर खरीखुरी बुरशी येते.

फिनिश स्टुगचा मामला वेगळा, तो खरोखर लढलाय. फिनलंडने जर्मनीकडून ५९ घेतले, १९४३ ला ३० आणि १९४४ ला २९, आणि जून १९४४ मध्ये कुउतेरसेल्कात ते पहिल्यांदा नीट कामाला लागले. रंग तीन, शेवाळी हिरवा, राखाडी आणि वाळूसारखा तपकिरी. बाजूला झाडाचे ओंडके बांधलेले असतात, किटमधल्या प्लॅस्टिकच्या ओंडक्यांपेक्षा जास्वंदीची सुकलेली बारीक काटकी लावा, साल आपोआप स्केलमध्ये दिसते. यावर इंचभर चिखल, रंग उडालेला, सगळं शोभतं.

आणि त्याच्यावर हकारिस्ती असतं, म्हणजे स्वस्तिकच. आमच्या शेजारच्या काकूंनी टेबलावर बघितलं आणि म्हणाल्या, "अरे वा, गाडीची पूजा केलीस का रे?" आता त्यांना काय सांगू. फिनलंडने हे १९१८ मध्ये घेतलं, काउंट एरिक फॉन रोझेन या स्वीडिश माणसाने त्यांना विमान भेट दिलं त्यावर त्याचं निळं शुभचिन्ह होतं म्हणून, नाझी पक्ष त्यानंतर जन्मला. १९४५ मध्ये त्यांनी ते गाड्या-विमानांवरून काढून टाकलं. मॉडेल १९४४ चं करणार असाल तर लावावंच लागेल, पण परदेशी स्पर्धेला फोटो पाठवताना सोबत दोन ओळी लिहा, तिकडे जर्मनीत वगैरे त्यावरून कायदे आहेत.

आता हिवाळी पांढरा रंग, ज्यासाठी मी हा छंद सोडत नाही. खरी गोष्ट अशी की बर्फात लपायला गाडीवर धुऊन जाणारा पांढरा रंग फासतात आणि तो माणसांच्या हालचालीने, फांद्या घासून, पावसाने उतरत जातो. मॉडेलवर हे हेअरस्प्रेने होतं. मूळ रंग पूर्ण, त्यावर व्हार्निश, ते एक दिवस सुकू द्या. मग कुठल्याही स्वस्त हेअरस्प्रेचे दोन हलके हात, वीस मिनिटं थांबा. मग टामियाचा पांढरा अॅक्रिलिक, थिनरऐवजी पाण्यात पातळ करून, एअरब्रशने, आणि मुद्दाम असमान, कडेला विरळ, मधे दाट. थिनर वापरलात तर तो हेअरस्प्रेत घुसून चिकटून बसतो आणि मग काही निघत नाही.

पंधरा मिनिटांनी कोमट पाण्यात ब्रश बुडवा, फडक्याला टेकवून पाणी काढा, आणि एका छोट्या जागेवर ठेवून थांबा. लगेच घासू नका. खालचा हेअरस्प्रे भिजला की पांढऱ्यात आधी केसाएवढी भेग येते, मग ब्रश हलकेच हलवला की पापुद्रा सुटतो आणि खालचा हिरवा डोकावतो. तेव्हा थांबायचं. हात थांबत नाही हे मला माहितीये, पण थांबायचं, कारण निघालेला पांढरा परत लावता येत नाही. हॅचच्या भोवती, पायऱ्यांजवळ, समोरच्या कडांवर जास्त काढा, बाजूच्या सपाट पत्र्यावर उभ्या रेघांमध्ये थोडाच. उभ्या का, तर पाणी खाली ओघळतं. टामियाचा रंग सुकून तास-दीड तास झाला की हट्टी होतो, म्हणून एका वेळी एकच बाजू घ्या.

बर्फाला खायचा सोडा वापरू नका, लोक सांगतात पण आपल्या दमट हवेत तो काही महिन्यांत पिवळा पडतो आणि खालचा रंग खातो. आपल्याकडे त्याहून चांगली वस्तू घरातच आहे, पांढरी रांगोळी. ती मलमलच्या कपड्यातून गाळा, अगदी वस्त्रगाळ, कारण जाड कण १/३५ मध्ये गारांसारखे दिसतात. ग्लॉस मीडियम आणि थेंबभर पांढरा रंग घालून लापशीसारखी करा, ट्रॅकच्या खाचांत आणि चाकांच्या मध्ये दाबून भरा, आणि ओलं असतानाच वरून कोरडी रांगोळी चिमटीने भुरभुरवा. चाकांजवळच्या बर्फात थोडा तो काळा चिखल मिसळायचा, चालत्या गाडीखाली स्वच्छ पांढरं काही उरत नाही.

फोटो बघायचे तर स्वीडनमध्ये स्ट्रेंगनेसचं आर्सेनालेन आणि फिनलंडमध्ये पारोलाचं टँक म्युझियम, दोन्हीचे भरपूर फोटो नेटवर आहेत. बोल्ट, हँडल, वेल्ड कुठे आहेत ते त्यावरून घ्या. रंग आणि धूळ मात्र घेऊ नका, त्या गाड्या पुन्हा रंगवून हॉलमध्ये ठेवलेल्या असतात, त्यासाठी सरावातले जुने फोटोच शोधावे लागतात.

शेवटचं मॅट व्हार्निश पिगमेंट लावायच्या आधी मारा, नंतर मारलं तर सगळी कोरडी धूळ आणि बर्फाची भुरभुर एका फवाऱ्यात गायब होते.