पिल्लू पट्ट्यांमागे पोहत नाही? झेब्राफिशच्या मेंदूला दोष देण्याआधी या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात नेरुळच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये एमएस्सीची एक मुलगी रडवेली होऊन आली. "मॅडम, कंट्रोलची पिल्लंसुद्धा आंधळी निघाली." कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी ठेवलेली निरोगी पिल्लं. झेब्राफिश या छोट्या माशाचं पिल्लू सरकत्या पट्ट्यांमागे आपोआप पोहतं, त्यावरून त्याची नजर तपासतात. डिशमध्ये वीस पिल्लं, खाली मोबाइलच्या पडद्यावर सरकणारे काळे-पांढरे पट्टे, आणि एकही पिल्लू जागचं हलत नव्हतं. मी डिश बाजूला करून मोबाइल पाहिला. बॅटरी उतरली होती, सेव्हर सुरू झाला होता आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे करडे-करडे झाले होते. पिल्लं धडधाकट होती, पेंगत होता तो मोबाइल.

सहाव्या दिवशी झेब्राफिशचं पिल्लू जेमतेम चार मिलिमीटरचं असतं. मत्स्यशेतीतली माणसं एवढ्या पिल्लांना मत्स्यजिरे म्हणतात, ते चपखल आहे. त्या जिऱ्याच्या मेंदूत सुमारे एक लाख चेतापेशी असतात आणि अंग पारदर्शक, त्यामुळे जिवंत मेंदूत डोकावता येतं. २०१३ मध्ये तर मेंदूतल्या ८० टक्क्यांहून अधिक चेतापेशींचं काम एका दमात टिपून झालं. म्हणून आपल्याकडची मुलंही पहिल्या दिवसापासून सर्किटची, म्हणजे चेतापेशींच्या जोडण्यांची, भाषा बोलतात. पण बहुतेक वेळा सर्किट शाबूत असतं. आपण दाखवलं ते माशाला दिसलेलंच नसतं.

ठिपका मिलिमीटरमध्ये मोजणे

सगळ्यात जास्त घोळ शिकारीच्या प्रयोगात होतो. पॅरामेशियम या एकपेशीय जिवासारखं बारीक, सरकतं काही दिसलं की पिल्लू दोन्ही डोळे आत वळवतं आणि तिकडे तोंड करतं. पण त्याला 'बारीक' म्हणजे काय, हे ठरतं डोळ्यापाशी होणाऱ्या कोनावर. साधारण १ ते ५ अंशांचा ठिपका म्हणजे खाऊ. १० अंशांच्या पुढे गेला, की तेच पिल्लू पाठ फिरवतं.

आता हिशेब करा. पडदा डोळ्यापासून १ सेंटिमीटरवर असेल, तर ३ अंश म्हणजे अर्धा मिलिमीटर. साध्या लॅपटॉपचा एक पिक्सेल पाव मिलिमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे तुमचा ठिपका उणापुरा दोन पिक्सेलचा, आणि तो सरकत नाही, दीड-दीड अंशाच्या उड्या मारत जातो. आपल्याला लांबून ते छान गुळगुळीत दिसतं, हाच फास आहे. चांगल्या मोबाइलचा पिक्सेल याच्या पाव हिश्शाचा असतो, म्हणून छोट्या ठिपक्यांसाठी मोबाइल बरा. फक्त ऑटो ब्राइटनेस, नाइट मोड आणि बॅटरी सेव्हर ही तिन्ही बंद करा. शिवाय डिशच्या काठाशी पाणी वर चढतं आणि त्याचं भिंग होतं. काठाला चिकटलेल्या पिल्लांची नोंद मी सरळ वगळते.

रंगाचंही तेच. मोबाइलचे पडदे माणसाच्या तीन प्रकारच्या शंकुपेशींसाठी (डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशींसाठी) बनलेत. झेब्राफिशला चार आहेत, चौथी अतिनील किरणांसाठी. अतिनील उजेडात पॅरामेशियम त्याला चमकत्या ठिपक्यासारखा दिसतो. घरगुती एलईडीत अतिनील नसतं. त्याखाली खरा पॅरामेशियम सोडलात आणि शिकार मंदावली, तर आधी दिव्याकडे बघा. पट्ट्यांचं मात्र उलट आहे: हलत्या पट्ट्यांमागे जाणं मुख्यतः लाल-हिरव्या प्रकाशावर चालतं, म्हणून तिथे साधा पडदा पुरतो.

स्वतःलाच विसरणे

डिशवर वाकून बघायची सवय सोडा. वरून अचानक मोठी होत येणारी काळी आकृती म्हणजे पिल्लाच्या दृष्टीने अंगावर येणारा शत्रू, आणि ते पाहून पळण्याची सर्किट या वयातही चोख असतात. आमच्याकडे एका मुलाच्या आकड्यांत दर पाच मिनिटांनी पळापळ दिसायची. तो दर पाच मिनिटांनी काळा टीशर्ट घालून वही घ्यायला पुढे यायचा!

दिव्याचंही तेच आहे. १४ तास उजेड आणि १० तास अंधार हा क्रम पाळा. संध्याकाळी मावशी लादी पुसून दिवे घालवतात, त्यांचा दोष नाही. बटणावर कागद चिकटवा. उजेडातून एकदम अंधार झाला की पिल्लं काही मिनिटं जास्तच वळवळतात. त्या वळवळीला 'प्रतिसाद' समजून आलेख काढलेले मी पाहिलेत.

वयाचा घोळ

दिवस फलनापासून मोजायचे, अंड्यातून बाहेर आल्यापासून नव्हे. तापमान २८.५ अंश सेल्सिअस धरून सगळे तक्ते बनलेत. मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत वाढ पुढे पळते, जानेवारीच्या रात्री रेंगाळते. पाचव्या दिवसापर्यंत वाताशय (तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी) फुगलेला दिसला पाहिजे. तो नसेल तर पिल्लू तळाला पडून राहतं, त्यात डोळ्यांचा काय संबंध? आणि पाणी मोरबे धरणाचं असो की आणखी कुठलं, नळाचं असेल तर क्लोरीन काढल्याशिवाय वापरू नका.

अंग पारदर्शक राहावं म्हणून रंगद्रव्य रोखणारं पीटीयू हे रसायन टाकत असाल, तर त्याने डोळा लहान राहतो आणि थायरॉइडवरही परिणाम होतो, हे लक्षात ठेवा. कंट्रोललाही तेवढंच पीटीयू द्या.

चुकीच्या बाजूला शोधणे

माणसात डोळ्याकडून येणारे निम्मे तंतू बाजू बदलतात. या पिल्लात सगळेच बदलतात. डाव्या डोळ्याला दृश्य दाखवून डावा टेक्टम (मेंदूतला दृश्य हाताळणारा मोठा भाग) तीन दिवस तपासत बसलेला विद्यार्थी आमच्याकडे होऊन गेला आहे (आता तो कामात माझ्यापेक्षा नीट आहे).

दुसरी सवय म्हणजे सगळं टेक्टमच्या नावावर टाकणं. दृष्टिपटलाचे तंतू मेंदूत दहा ठिकाणी उतरतात, टेक्टम हे त्यातलं सर्वात मोठं, दहावं. लेसरने टेक्टम नष्ट केल्यावरही पिल्लं पट्ट्यांमागे पोहत होती, हे २००३ मध्येच दिसलं होतं. शिकार मात्र टेक्टमशिवाय बिघडते. पट्ट्यांचा हिशेब मुख्यतः टेक्टमच्या पुढच्या प्रीटेक्टम या भागात होतो. तिथे दोन्ही डोळ्यांची माहिती जुळवून आपण पुढे वाहतोय की गोल फिरतोय, हे ठरतं. ठाणे स्टेशनात शेजारची गाडी सुटली की आपलीच मागे चालल्यासारखी वाटते ना, तीच फसवणूक आपण पट्टे दाखवून पिल्लाची करतो.

निळा लेसर माशालाही दिसतो

जीकॅम्प (चेतापेशी सक्रिय झाली की उजळणारं प्रथिन) चमकवायला ४८८ नॅनोमीटरचा निळा प्रकाश लागतो, आणि तो डोळ्यात जातो. लेसर सुरू होताच टेक्टम उजळला तर ते तुमच्या ठिपक्याचं यश नाही. लेसर सुरू करून थांबा, मग ठिपका दाखवा. जमल्यास टू-फोटॉन सूक्ष्मदर्शकाची सोय असलेल्या लॅबची वेळ मागा, त्याचा अवरक्त लेसर माशाला जवळजवळ दिसत नाही. बेशुद्धीचं ट्रायकेन नीट धुवा, नाहीतर अर्धवट झोपलेल्या मेंदूचा अभ्यास होतो.

हे सगळं तपासूनही पिल्लू ढिम्म राहिलं, तर पापणीचा केस चिकटवलेल्या काडीने शेपटीला हलकेच स्पर्श करा. पळालं तर स्नायू ठीक. मग त्याला मिथाइल सेल्युलोजच्या घट्ट द्रावात पाठ वर करून बसवा आणि भोवती पट्ट्यांचा ड्रम फिरवा. डोळे पट्ट्यांबरोबर सरकून झटक्यात मागे येत असतील, तर दृष्टिपटल काम करतंय. एवढं जमूनही पिल्लू पोहायला तयार नसेल, तर मला फोन करा. तेव्हा सर्किटबद्दल बोलू.